ईशिताची पंधरा मिनिटं आणि एक रिस्पॉन्सिबल अडल्ट

मुलांनो, डोळे मिटू नका. मिटलेत तर झोपाल, मला तुमचा अनुभव आहे. उघड्या डोळ्यांनीच एक कल्पना करा.

कल्पना करा, की इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या एखाद्या लाल पायवाटेवरून, तिथे तिला रेडवे म्हणतात, एक माणूस चालला आहे. टाप, टाप, टाप, टाप. मागून दुसरा येतो आहे. आता या दोघांना तुम्हाला असं जोडीनं चालवायचं आहे, की ऐकणाऱ्याला वाटावं, एकच माणूस चालतोय. काय कराल? मागच्याला जरा भरभर चालवाल. बरोबर. पण तेवढ्यानं भागत नाही. वेग एक झाला, तरी एकाचं पाऊल जमिनीवर असताना दुसऱ्याचं हवेत असेल, तर ऐकू येईल टापटप, टापटप. लंगडा घोडा चालल्यासारखं. म्हणजे वेगही एक हवा आणि पाऊलही एकाच क्षणी पडायला हवं. त्यात आणखी भर अशी, की दोघंही गुणगुणताहेत, आणि वेगवेगळी गाणी गुणगुणताहेत. ती गाणी एकमेकांशी भांडता कामा नयेत. मग पहिला माणूस हळूच झाडीत शिरून नाहीसा होतो, दुसरा चालत राहतो, आणि माणूस बदलला हे कोणाला कळतही नाही.

झाली कल्पना? मग प्रोग्रेसिव्ह हाउस नावाचं नाचाचं संगीत वाजवणाऱ्या डीजेचं अर्धं काम तुम्हाला आलं. उरलेलं अर्धं म्हणजे हे सगळं घरच्या माणसांपासून वाचवणं. त्याचा क्लास अजून कोणी काढलेला नाही.

ईशिताला पहिलं अर्धं बाराव्या वर्षी येत होतं. तिच्या खोलीत दोन चकत्यांचं एक छोटं यंत्र होतं. त्याला कंट्रोलर म्हणतात. एका चकतीवर चालू गाणं, दुसरीवर पुढचं. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तिला पंधरा मिनिटं मिळाली होती. मिळाली म्हणजे तिनं मागितली होती. स्वतः, अध्यक्ष वैजयंतीताईंना फोन करून, आणि तेही मराठीत. आजवर मंडळानं तिला काय दिलं होतं? समूहनृत्यातली मागची रांग. एकदा तर झाड. त्या झाडाला तालावर हलायचीही परवानगी नव्हती. आता पंधरा मिनिटं, चार गाण्यांचा सेट, आणि सगळं तिचं. शाळेतल्या दोन मैत्रिणीही ऐकायला येणार होत्या. या गोष्टीत पणाला लागलंय ते एवढंच. मोठ्या माणसांना ते फार लहान वाटेल. मोठी माणसं पार्किंगच्या जागेवरून एकमेकांशी बोलणं टाकतात, हे तुम्ही विसरू नका.

चार दिवसांनी वैजयंतीताईंचा फोन ईशिताच्या बाबांना, म्हणजे शशिधरला आला.

"शशिधर, हॉलवाल्यांचा नियम आहे हो. सोळाच्या खालचं मूल इलेक्ट्रिकच्या वस्तूपाशी एकटं चालत नाही. शेजारी एक रिस्पॉन्सिबल अडल्ट लागतो."

"मी आहे ना, ताई."

"करायचं काही नाही हं. फक्त उभं राहायचं."

मुलांनो, 'फक्त उभं राहायचं' यापेक्षा अवघड काम जगात नाही. इतिहासात ज्या ज्या माणसाला ते सांगितलं गेलं, त्यानं पुढे काहीतरी करून ठेवलं.

शशिधर दिवसा एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत असे. चुका शोधायचा पगार मिळत असल्यामुळे घरी तो हे काम फुकट करी. पण खरा तो पेटीवाला. मंडळाच्या प्रत्येक भजनाला, प्रत्येक भावगीताच्या संध्याकाळी पेटीवर तोच असे. गेल्या वर्षी मात्र मंडळानं मोबाइलवर तयार साथीचा बॅकिंग ट्रॅक आणला. "तुमच्यावरचा लोड कमी झाला," असं वैजयंतीताई त्याला म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्याच्या अंगावर लोड म्हणून काही उरला नव्हता, आणि पेटी जिन्याखाली हूव्हरच्या, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरच्या, शेजारी उभी होती. ईशितानं पेटी शिकणं त्याआधीच सोडलं होतं. त्यामुळे मुलीच्या शेजारी उभं राहायचं म्हटल्यावर त्याला काय वाटलं असेल, हे तुमच्या लक्षात येईल. नसेल येत तर बाबा झाल्यावर येईल.

त्यानं त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ईशिताला बसवलं. "मला सगळं समजावून सांग. शेजारी उभं राहायचं तर माहिती हवी."

ईशितानं आनंदानं एक वर्तुळ काढलं. "बाबा, हे घड्याळ आहे. बारा नंबर. एकेक नंबर म्हणजे एकेक की, गाण्याचा सूर. आठवरचा गाणं नऊवरच्या गाण्याशी जुळते, सातशीपण जुळते. शेजारी असले की भांडत नाही."

शेजाऱ्यांविषयी इतकं चांगलं मत दुसऱ्या कुठल्या शास्त्रानं दिलेलं माझ्या वाचनात नाही. असो.

"तुझं पहिलं गाणं कितीवर?"

"आठ. ए मायनर."

"म्हणजे पांढरी सहा," शशिधर म्हणाला. पेटीवाल्याला सूर पट्टीच्या रंगानं आणि नंबरानं कळतो. "पुढचं?"

"नऊ. ई."

"पांढरी तीन. अगं, हा तर सहाचा पंचम! पुढचं?"

"दहा. बी."

"पांढरी सात! पुन्हा पंचम!" शशिधर उठून उभाच राहिला आणि त्यानं बायकोला हाक मारली. "आसावरी, ऐकलंस का? हे सगळं आपलंच आहे! पुढे अकरा ना?"

"नाही. बारा."

"अगं, दहानंतर अकरा."

"मला येते मोजायला, बाबा. तिथे मी जम्प करते. तीन गाणी शेजारी-शेजारी गेले, लोकांना वाटते, आता असंच चालणार. आणि मग एकदम सगळं वर जाते. थोडंसंच. पण सगळे हात वर करतात. तेच तर माझा सेट आहे."

"आणि बारा म्हणजे?"

"सी शार्प."

"काळी एक," शशिधर अगदी हळू म्हणाला. त्याचा आवाज ओला झाला होता. त्याच्या आयुष्यातले निम्मे गवई काळी एकमध्ये गायले होते.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून निघाला. आपल्या मैफलीत सा एकदा ठरला की ठरला. तंबोरा त्यावर लागतो, पेटी, तबला, गळा, सगळे त्याच सा-भोवती बसतात आणि भैरवीपर्यंत कोणी उठत नाही. फार सुंदर पद्धत आहे ती. पण मुंबईला जायचं असेल, तर दारात सुंदर रांगोळी काढून मुंबई येत नाही. ईशिताला जायचं होतं. शशिधरला बसायचं होतं.

मग मदत सुरू झाली. शाळेच्या आधी सकाळी रियाझ ठेवण्यात आला. प्रोग्रेसिव्ह हाउसच्या मागे शशिधर मोबाइलवर तंबोरा लावून ठेवू लागला, 'सूर पक्का व्हावा म्हणून'. पायाच्या ठोक्यानं मुलीची लय ढळू नये, म्हणून जिन्यात चप्पल घालायला बंदी झाली. दोन ठोके जुळवायचं एक बटण यंत्रावर होतं, ते त्यानं कागदाची पट्टी चिकटवून बंद केलं. "बटणानं आलेली लय लय नव्हे." गंमत म्हणजे ईशिता ते बटण वापरतच नव्हती. ती कानानं जुळवायची. पण तसं विचारायला वेळ कोणाला होता?

तिसऱ्या दिवशी शेजारच्या मार्गारेटबाई दारात आल्या. वय ऐंशीच्या पुढे, हातात केक.

"हाउ लव्हली," त्या म्हणाल्या. "यू मस्ट बी सो प्राउड. इज इट गोइंग टु बी एव्हरी मॉर्निंग?"

"येस, येस, एव्हरी मॉर्निंग!" शशिधरनं अभिमानानं सांगितलं आणि केक घेतला. इंग्रज माणूस केक घेऊन आला, की तो तक्रार घेऊन आलेला असतो, हे इतकी वर्षं त्या देशात राहूनही त्याला उमगलं नव्हतं. आठवड्याच्या शेवटी कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा तो म्हणाला, "बिचाऱ्या मार्गारेटबाईंना सांगायला हवं, कोणीतरी आपल्याविरुद्ध तक्रार करतंय."

समोरच्या घरातला राजीव एका बँकेत रिस्क खात्यात होता आणि मंडळाच्या कमिटीतही. तो टेप घेऊन मोजायला आला.

"शशी, वायर किती लांब? कोणी अडखळलं तर?"

"टेपनं चिकटवू."

"आणि टेप सुटला तर? ते जाऊ दे. मशीनला पॅट टेस्टचं, विजेची तपासणी झाल्याचं, स्टिकर आहे का? हॉलवाले स्टिकरशिवाय प्लग लावू देत नाहीत."

"नवीन आहे रे ते मशीन."

"नवीन आहे हे ठीक. स्टिकर कुठाय?"

शशिधर अर्ध्या दिवसाची रजा काढून ब्लेच्लीला गेला, आणि एका गृहस्थानं कंट्रोलरकडे न बघता त्यावर हिरवं स्टिकर लावलं. ते नेमकं आवाज कमी करण्याच्या खुणेवर बसलं. राजीवचं समाधान झालं. मग तो म्हणाला, "आणि भिंतीवर लिमिटर आहे, लक्षात ठेव. तीन दिवे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल लागला आणि तसाच राहिला तर स्टेजची वीज जाते. आजूबाजूला घरं आहेत ना."

"आमचं संगीत लाल दिव्याचं नाही," शशिधर म्हणाला. 'आमचं' हा शब्द ईशितानं ऐकला.

तोवर मंडळाच्या ग्रुपवर बातमी फुटली होती. आपल्या लोकांचं एक आहे. पैसे मागा, ग्रुप शांत. सल्ला मागू नका, तरी पूर येतो. कोणी म्हणालं, मधे एक लावणी घ्या, लोकांना उठायला कारण मिळेल. कोणी म्हणालं, हेडफोननं कान जातात, आमच्या इल्फर्डच्या भाच्याचे गेले. नीनावहिनींनी लिहिलं, 'मुलगी गोड आहे, तिला भरतनाट्यमला का घालत नाही?' वैजयंतीताईंनी अखेरचा निर्णय दिला: सेट ठीक आहे, फक्त शेवटी सर्वांना परिचयाचं काहीतरी असावं आणि मध्यभागी थोडं मराठीपण यावं. शशिधरनं प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिहिलं. प्रत्येक उत्तरात 'आमचा सेट' होता.

"बाबा," एका सकाळी ईशिता म्हणाली, "तुझी जागा फक्त उभं राहायची आहे ना?"

"हो गं राणी. मी काय करतोय?"

ही चेष्टा नव्हती. त्याला खरंच वाटत होतं, की तो काही करत नाहीये.

कार्यक्रम रविवारी. शनिवारी दुपारी ईशिता पोहायला गेली, आणि शशिधर तिच्या लॅपटॉपपुढे बसला. त्याच्या मनात सगळं स्वच्छ होतं. शेवटी जर काळी एकमध्येच पोचायचं आहे, तर आधी सहा, तीन, सात अशी दारोदार भीक कशाला? सॉफ्टवेअरमध्ये सूर वर-खाली सरकवायची सोय होती. त्यानं पहिलं गाणं चार पट्ट्या वर आणलं, दुसरं तीन पट्ट्या खाली, तिसरं दोन पट्ट्या वर. चौथं होतं तिथेच ठेवलं. चौघांची काळी एक. मग ती गाणी त्यानं जुन्या जागी, जुन्याच नावांनी सेव्ह केली. विमा कंपनीत अशी फाइल कोणी बदलली असती, तर त्यानंच त्याला कामावरून काढायला लावलं असतं.

आसावरी चहा घेऊन आली. "तिला विचारलंस?"

"सरप्राइज आहे. उद्या वाजवताना तिला आपोआप कळेल, की अरे, काहीच खटकत नाहीये!"

"शशी, तिला खटकवायचंच असेल तर?"

"तुझं नाव आसावरी आहे म्हणून तुला संगीतातलं कळतं असं नाही," शशिधर म्हणाला. चहा गार होईपर्यंत तो ऐकत बसला. बायका पुरुषी गात होत्या, पुरुष बायकी गात होते, पण सा कसा, भिंतीसारखा. रविवारी सकाळी त्यानं रियाझाला सुट्टी दिली. बोटं ताजी राहावीत म्हणून.

हॉलमध्ये चार वाजता फराळ, पाचला लहान मुलांचे नाच आणि मग ईशिता. स्टेजच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर चकत्या, भिंतीवर लिमिटरचा हिरवा दिवा. तिच्या दोघी मैत्रिणी पहिल्या रांगेत चकल्या खात बसल्या होत्या. शशिधरनं रेशमी कुर्ता घातला होता. वैजयंतीताईंनी माइकवर सांगितलं, "आता सादर करत आहेत शशिधर आणि कन्या ईशिता!" ईशितानं एकदा माइककडे बघितलं. मग हेडफोन चढवले आणि पहिलं गाणं सोडलं.

टाप, टाप, टाप, टाप. ठोका छान पडला. मग बाई गायला लागली, आणि ती बाई गॅसचा फुगा गिळल्यासारखी गायली. समोरची पोरं खिदळली. ईशितानं पडद्याकडे बघितलं, चकतीकडे बघितलं आणि मग बाबांकडे बघितलं.

"तू हात लावला?"

"फक्त सुरात आणलंय," शशिधर कुजबुजला. "सगळं काळी एक. तू निर्धास्त वाजव."

मुलांनो, थांबता येत नाही अशी एक जागा असते. झोका वर गेल्यावर उतरता येत नाही, तशी. ती बारा वर्षांची मुलगी त्या जागेवर होती. तिनं दुसरं गाणं तयार केलं, ठोका कानानं जुळवला, पहिल्याचा खालचा आवाज उतरवला, दुसऱ्याचा चढवला. तिनं ते इतकं अचूक केलं, की जुळलेल्या सुरात जुळलेला ठोका मिसळून गेला आणि गाणं बदललं हे कोणालाच कळलं नाही. दुसऱ्या गाण्यातली तरुण मुलगी दमलेल्या काकांसारखी गात होती, म्हणून थोडा फरक. तिसरं गाणंही तसंच आलं. राजीव एकटाच नाचत होता, तोही वायरवर कोणी अडखळू नये म्हणून वायरीजवळच.

खालून वैजयंतीताईंनी विचारलं, "अजून तेच चालू आहे का हो?"

शशिधरच्या ते वर्मी लागलं. मैफल पडतेय! मैफल पडायला लागली की साथीदारानं काय करायचं, हे त्याला वीस वर्षं माहीत होतं: लय चढवायची. यंत्राच्या कडेला वेगाची एक सरकपट्टी असते. त्यानं ती नखभर सरकवली. लोक जरा हलले. त्यानं आणखी नखभर सरकवली. मंडळातल्या बायका उठल्या, गोल झाला, टाळ्या सुरू झाल्या. आणखी नखभर. नऊवाऱ्या गरगरू लागल्या. नीनावहिनींनी गुडघा धरला, पण गोल सोडला नाही. "बाबा, हात काढ," ईशिता म्हणाली. "अगं, रंगतंय!" तो म्हणाला.

आणि आता चौथं गाणं आलं. ज्या उडीसाठी सगळा खटाटोप, ती उडी. तिला माहीत होतं, की आता वर जायला जागाच नाही. वरचा मजला बाबांनी कालच तळमजल्याला लावून ठेवला होता. तरी तिनं डोक्यात काहीतरी जुळवलं. क्षणभर सगळं रिकामं करायचं, फक्त एक बारीक सूर ठेवायचा, आणि मग चौथं गाणं पूर्ण सोडायचं. सुरानं नाही तर निदान शांततेनं उडी. तिनं तिसऱ्या गाण्याचा खालचा आवाज पार उतरवला.

"खर्ज काढू नकोस!" शशिधर ओरडला. खर्ज म्हणजे पाया. आयुष्यभर ज्यानं भात्याबरोबर खर्ज जपला, त्याच्या डोळ्यांदेखत मुलगी पाया काढत होती. त्याचा हात गेला आणि त्यानं खालच्या आवाजाचं बटण होतं तिथे, किंबहुना थोडं पुढेच, फिरवलं. त्याच क्षणी चौथं गाणं पूर्ण खर्जासकट आत आलं. दोन हत्ती एका लिफ्टमध्ये शिरले. खिडक्या थरथरल्या, भिंतीवरचा दिवा पिवळ्यावर न थांबता लाल झाला, आणि खट्ट.

स्टेज काळं. स्पीकर मुके. बायकांचा गोल अर्ध्या गिरकीत थांबला आणि कोणाचा तरी टाळ्यांचा हात तसाच वर राहिला. लॅपटॉप तेवढा स्वतःच्या बॅटरीवर चालू होता. त्याच्या पडद्यावर चौथं गाणं निळ्या लाटांसारखं पुढे सरकत होतं, शेवटपर्यंत, आवाजाशिवाय.

हॉलचा केअरटेकर आला. "आय डिड से, मेट," तो म्हणाला. त्यानं किल्ली लावून वीज परत आणली. पण तोवर वैजयंतीताईंनी माइकशिवायच, केवळ गळ्याच्या जोरावर, जाहीर केलं होतं, "जेवण तयार आहे! मसालेभात गरम आहे तोवर या! ईशिता, छान केलंस हं बाळा, पुढच्या वर्षी नक्की!" आणि मुलांनो, मसालेभाताशी स्पर्धा करू शकेल असं संगीत अजून निघायचं आहे. मिनिटभरात स्टेजसमोर फक्त खुर्च्या होत्या. मैत्रिणींपैकी एकीची आई दारात गाडीची किल्ली हलवत उभी होती.

शशिधर स्टेजवरून उतरला. त्याला वाटलं होतं, लोक हॉलला दोष देतील. राजीव म्हणाला, "स्टिकर होतं म्हणून बरं, नाहीतर आपल्यावर आलं असतं." नीनावहिनी खुर्चीत बसून गुडघ्याला बर्फ लावत होत्या. त्या प्रेमानं म्हणाल्या, "शशिधरभाऊजी, तुमची पेटीच बरी होती हो." गेल्या वर्षभरात त्याच्या पेटीविषयी कोणी काढलेला तो पहिला चांगला शब्द, आणि तो अशा वेळी मिळाला, की त्यानं ताट कोशिंबिरीसकट तसंच खाली ठेवलं.

ईशितानं वायरी स्वतः गुंडाळल्या. त्यानं एक उचलायला हात पुढे केला, तर तिनं ती आधी उचलली.

घरी जाताना गाडीत शशिधर बोलत राहिला. मिल्टन कीन्समध्ये दर दोन मिनिटांनी राउंडअबाउट येतो, आणि प्रत्येक राउंडअबाउटवर त्याला नवा आरोपी सापडत होता. लिमिटर. केअरटेकर. हॉलची जुनी वायरिंग. लोकांची अभिरुची. मंडळानं वीस वर्षांत एकदाही नीट साउंड लावला नव्हता, तेही. शेवटी आसावरी म्हणाली, "शशी, डावीकडे वळ आणि गप्प बस." तो वळला.

"दहानंतर बारा होते, बाबा," मागच्या सीटवरून ईशिता म्हणाली. त्या रात्री ती एवढंच बोलली.

दुसऱ्या संध्याकाळी शशिधरनं तिच्या दारात उभं राहून सॉरी म्हटलं. सॉरीच्या आधी एक लांब वाक्य होतं, त्यात 'मला फक्त' आणि 'तुझ्यासाठीच' असे शब्द होते, म्हणून सॉरी पोचेपर्यंत थोडं थकलं होतं. ती म्हणाली, "ओके." मुलांनो, 'ओके' हा शब्द तुम्ही फार वापरता. त्यात किती थंडी मावते, ते तुमच्या बाबांना विचारा. नंतर तिनं कंट्रोलर घरात लावला नाही. मार्गारेटबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "नो म्यूझिक? व्हॉट अ शेम," आणि त्या अगदी ताज्यातवान्या दिसत होत्या.

दोन आठवड्यांनी तिनं सांगितलं, की वुल्व्हर्टनच्या बाजूला एका यूथ सेंटरमध्ये शनिवारी मुलं मिक्सिंग करतात, तिनं नाव दिलंय, सोडायला येशील का? शशिधरनं गाडी पुसून काढली. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही. सिग्नलला स्टिअरिंगवर बोट वाजत होतं, तेही त्यानं मुठीत दाबून धरलं. सेंटरच्या दारापाशी तो तिच्याबरोबर उतरला आणि डिकीतून कंट्रोलर काढू लागला.

"मी घेते," ती म्हणाली. "पेरेंट्स बाहेर थांबतात, बाबा. रूल आहे."

"असं? बरं, बरं. रूल आहे तर रूल." तो परत गाडीत जाऊन बसला. नोव्हेंबरची थंडी, काचेवर वाफ. त्यानं बाहीनं काच पुसली, तेव्हा समोर सेंटरची मोठी खिडकी दिसली. आत एक सोफा होता. सोफ्यावर एक बाबा कागदी कपातून चहा पीत बसला होता. त्याच्या शेजारी एक आई होती, आणि भिंतीला टेकून आणखी एक बाबा उभा होता. फक्त उभा. हातही लावत नव्हता.

शशिधर बघत राहिला. चुका शोधण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाला ही एक सापडायला वेळ लागला नाही. त्यानं दाराच्या कडीवर हात ठेवला, आणि काढून घेतला.

आत ईशितानं यंत्र मांडलं. हेडफोन गळ्यात अडकवले. मग ती खिडकीशी आली. तिनं बाहेर, गाडीकडे, बराच वेळ बघितलं. हात हलवला नाही. पडदाही ओढला नाही. एवढ्या थंडीत तिनं खिडकीची कडी काढली, काच बोटभर उघडली आणि पाठ फिरवून चकत्यांपाशी गेली.